तहसीलसमोरचं टेबल : दलाल नेमका कोणाचा?

मागच्या अंकात एका वाचकाने विचारलं होतं, घर आधी पाहावं की कागद. उत्तर देता देता मी लिहून गेलो, 'दलालाच्या तोंडावर घर घेऊ नका.' त्या एका वाक्याने पोस्टमनला कामाला लावलं. घर घेणाऱ्यांची पत्रं आली, आणि एक खरमरीत पत्र एका दलालाचंही आलं. त्यातली चार इथे घेतो. नावं कोणाचीच छापत नाही.

नव्या वाचकांसाठी एवढंच, की मी वकील नाही. आर्वीच्या तहसीलसमोर चौतीस वर्षं टेबल टाकून बसलेला अर्जनवीस आहे. विक्रीपत्रं, वाटणीपत्रं, बक्षीसपत्रं किती लिहिली त्याचा हिशेब नाही. तालुक्यातले दलाल मात्र झाडून सगळे माझ्या टेबलावर चहा पिऊन गेले आहेत.

प्रश्न : मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे, नवरा एसटीत वाहक. हिंगणघाटला घर घ्यायचं ठरवलं. एका एजंटने तीन रविवार फिरवून सात घरं दाखवली. एक पसंत पडलं. जुना लेआउट, पंधराशे फुटांचा प्लॉट, वर स्लॅब. मालक 34 लाख म्हणतो. एजंट म्हणतो, 'ताई, 32 मध्ये बसवून देतो, मी तुमचाच माणूस आहे.' आमच्याकडून तो दोन टक्के मागतो. आता कळलं की मालकाकडूनही दोन टक्के घेणार आहे. माझा भाचा अमेरिकेत असतो. तो म्हणतो, 'मावशी, तुझा वेगळा बायर्स एजंट कर.' असा एजंट आपल्याकडे मिळतो का? दोन्हीकडून पैसे घेणं कायद्यात बसतं का? दिवाळीआधी बयाणा द्यायचा आहे.

ताई, भाचा खोटं सांगत नाही, पण तो त्याच्या गावचं सांगतो. तिकडे विकणाऱ्याचा एजंट वेगळा आणि घेणाऱ्याचा वेगळा, अशी रीत आहे. घेणाऱ्याच्या एजंटाने भाव पाडून मागायचा, घराच्या खोडी शोधायच्या आणि आपल्या माणसाची गुपितं पोटात ठेवायची. पण गंमत पाहा, त्याचे पैसे वर्षानुवर्षं निघत होते विकणाऱ्याने दिलेल्या कमिशनातून. माणूस तुमचा, पगार समोरच्याचा. त्यावरून तिथे मोठे कोर्टकज्जे झाले. शेवटी तिथल्या एजंटांच्या राष्ट्रीय संघटनेने तडजोड केली. तेव्हापासून, म्हणजे 17 ऑगस्ट 2024 पासून, घर दाखवायला नेण्याआधीच घेणाऱ्याशी लेखी करार करायचा आणि त्यात आपली फी नेमकी लिहायची, असा नियम झाला. एवढ्या शहाण्या देशालाही 'हा माणूस कोणाचा' हे कागदावर आणायला 2024 साल उजाडलं.

आपल्याकडे तालुक्याच्या गावात बायर्स एजंट अशी पाटी तुम्हाला दिसायची नाही. आपल्याकडे दलाल सौद्याचा असतो. तुमच्या व्यवहाराचाच हिशेब करू. 34 लाखांत सौदा झाला तर दोन्हीकडचे मिळून त्याला एक लाख 36 हजार. 32 मध्ये झाला तर एक लाख 28 हजार. म्हणजे तुमचे दोन लाख वाचवायला तो स्वतःचे आठ हजार सोडतो. हे तो आनंदाने करेल, कारण सौदा मोडला तर तीन रविवारचं पेट्रोलही त्याच्या अंगावर. पण हेच उलटं धरून बघा. घराच्या मागच्या भिंतीला ओल आहे, किंवा मालकाच्या भावाने हक्क सांगितला आहे, हे तुम्हाला सांगितलं तर सौदा मोडतो. मग ते सांगण्यात त्याचं काय हित? त्याचा हात गप्प बसण्याकडे ओढतो. माणूस वाईट असलाच पाहिजे असं नाही.

लहानपणी वडिलांबरोबर बैलबाजारात जायचो. दलाल विकणाऱ्याचा हात दुपट्ट्याखाली घ्यायचा, बोटं दाबायचा. मग तोच दुपट्टा घेणाऱ्याच्या हातावर. तोंडाने कोणी काही बोलायचं नाही. चेहरे पाहिले तर वाटावं, पावसापाण्याच्या गोष्टी चालल्या आहेत. विकणाऱ्याचा शेवटचा आकडा आणि घेणाऱ्याचा शेवटचा आकडा, दोन्ही माहीत असलेला बाजारात एकच माणूस. वडील म्हणायचे, "बाबू, बोट सांभाळ. एकदा दाबलं का परत घेता येत नाही."

मी ते विसरलो. 1996 साली आर्वीच्या जुन्या वस्तीत दोन खोल्यांचं घर घेतलं. दलाल रोजचा बसण्याउठण्यातला. त्याला मोकळेपणाने सांगून टाकलं, "एक चाळीसपर्यंत जाईन, त्यावर एक रुपया नाही." आठ दिवस तो मालकाकडे चकरा मारत राहिला. खूप घासाघीस केल्यासारखा दमून यायचा. सौदा बरोबर एक लाख चाळीसला ठरला. रोख रक्कम मी त्याच्या हातात मोजली, त्याने ती मालकाला नेऊन दिली. सहा-सात वर्षांनी एका लग्नाच्या पंगतीत ते जुने मालक शेजारी बसले. वांग्याची भाजी वाढून झाली तसा विषय घराचा निघाला. ते म्हणाले, "मले तर हातात सव्वा लाखच पडले होते गा. तुमच्याकून त्यानं किती घेतले?" घास तोंडाशी तसाच राहिला.

तुम्ही म्हणाल, विक्रीपत्र तर तुमच्याच हाताने लिहिलेलं, मग आकडा कसा कळला नाही? तिथेच मेख आहे. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे मुद्रांक वाचवायला विक्रीपत्रात आम्ही नव्वद हजार लिहिले होते. ते मीच लिहिले, आता कबूल करायला हरकत नाही. खरी किंमत कागदावर नव्हतीच, म्हणून मधल्या पंधरा हजारांना लपायला जागा मिळाली. दलाली त्याने वर वेगळी घेतली.

याला आपल्या भागात 'वरचे' म्हणतात. मालक दलालाला सांगतो, "मले हातात इतके पायजेत, वर जे येईल ते तुयं." मालकाला ते सोयीचं वाटतं, दलाली द्यायची कटकट नाही. पण त्या क्षणी दलाल तुमच्या विरुद्ध बाजूला जाऊन बसतो, कारण तुम्ही जितके जास्त द्याल तितकं त्याचं. असा दलाल ओळखायचा कसा? तो रजिस्ट्रीच्या दिवसापर्यंत मालकाला तुम्हाला एकटं भेटू देत नाही. "मालक जरा तिरसट आहे, मीच बोलतो" हे वाक्य ऐकलं की मी सावध होतो.

आता कायद्याचं. दोन्हीकडून दलाली घेणं हा गुन्हा नाही, दोघांना माहीत असेल तर. चोरून घेणं वेगळं. 1872 च्या करार कायद्यात एजंटावर एक सबंध प्रकरण आहे, आणि ते आजही चालतं. तुम्ही एखाद्याला आपल्या वतीने काम दिलंत की तो तुमचा एजंट. तुम्हाला न सांगता, तुमची संमती न घेता त्याने त्याच कामात स्वतःचा व्यवहार घुसवला आणि महत्त्वाची गोष्ट लबाडीने लपवली, तर कलम 215 खाली तुम्ही तो व्यवहार नाकारू शकता. त्यातून त्याने मिळवलेला फायदा कलम 216 खाली मागू शकता. आणि कामात गैरवर्तन केलेल्या एजंटाला त्या कामाचा मोबदला मागता येत नाही, हे कलम 220. पण हे सगळं कधी उपयोगी? तो तुमचा एजंट होता हे दाखवता आलं तर. 'ताई, मी तुमचाच माणूस' हे हॉटेलात चहा पिताना बोललेलं कोर्टात कसं दाखवणार? म्हणून कागद. त्याचा मजकूर खाली दलालाच्या पत्राच्या उत्तरात दिला आहे, तोच तुम्हालाही चालेल.

बयाण्याआधी एक दिवस एजंटाला सोबत घेऊनच मालकाच्या घरी जा. चहा होऊ द्या. मग सरळ विचारा, "भाऊ, तुमच्या हातात किती पडून राहिले?" एजंटाकडे बघू नका, मालकाच्या चेहऱ्याकडे बघा. उत्तर 32, किंवा मालकाची दलाली वजा जाता त्याहून तेवढंच कमी आलं, तर एजंट सरळ आहे, त्याचे दोन टक्के खुशीने द्या. मालक अडखळला तर सगळं कळलंच.

पैसे सगळे तुमच्या खात्यातून थेट मालकाच्या खात्यात. विक्रीपत्रात पूर्ण किंमत. बयाणाही चेकने द्या. घराच्या व्यवहारात 20 हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेणं आयकर कायद्यात बसत नाही, रोख स्वीकारणाऱ्याला तेवढाच दंड बसू शकतो. एवढं केलं की 'वरचे' ठेवायला फट उरत नाही. मग एजंट म्हणेल, "लेआउटचा विकास खर्च रोख द्यावा लागतो." पावती मागा. बहुतेक वेळा तो खर्च तिथेच विरघळतो.

आणखी एक, यावरूनच तुम्हाला कळेल तो कोणाचा आहे. घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर महाराष्ट्रात राहत्या घराच्या मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, 2021 पासून. 32 लाखांवर 32 हजार रुपये, म्हणजे तुमच्याकडच्या दलालीची निम्मी रक्कम. तीन रविवार सोबत फिरला, त्याने हे सांगितलं का? तुमच्या पत्रात तर नाही. कर्ज दोघांच्या नावावर हवं असेल तर बँकेत आधी विचारून घ्या, मग ठरवा.

शेवटी कागद. हे काम दलालावर टाकू नका. ज्याची फी सौदा मोडला तरी तेवढीच असते अशा माणसाला द्या, म्हणजे तिथल्या दिवाणी वकिलाला. तीस वर्षांचा सर्च म्हणजे जुन्या नोंदींचा शोध, लेआउटची मंजुरी, अकृषक म्हणजे एन.ए. आदेश, नगर परिषदेची बांधकाम परवानगी आणि कराची पावती. जुन्या वस्तीतलं घर असतं तर मी नझूलचंही विचारा म्हटलं असतं. विदर्भातल्या किती गावांत घर आपलं आणि जमीन सरकारी पट्ट्यावर अशी गत आहे, आणि पट्टा संपलेला असतो. बँकेचा वकील सर्च करेलच, पण तो बँकेसाठी करतो. त्याचा अहवाल मागून घ्या, आपला वकील तरीही ठेवा.

प्रश्न : आर्वी तालुक्यातल्या एका गावात आम्ही मजुरी करतो. गावठाणातलं चार भावांचं मातीचं घर साडेतीन लाखांत मिळून राहिलं आहे. ग्रामपंचायतीत उठबस असलेला एक जण मधे आहे. तो म्हणतो, 'रजिस्ट्रीत कशाला पैसे घालता, स्टॅम्पावर लिहून नोटरी करू, आठ नंबरवर तुमचं नाव चढवून देतो, मले पंधरा हजार द्या.' करावं का?

नको. आठ नंबर म्हणजे ग्रामपंचायतीची कराची नोंद. घराचा कर कोण भरतो ते त्यात कळतं, घर कोणाचं ते त्यातून सिद्ध होत नाही. शंभर रुपयांवरच्या किमतीचं घर विकायचं तर नोंदलेलं विक्रीपत्रच लागतं. हे आजचं नाही, 1882 आणि 1908 च्या कायद्यांतलं आहे. स्टॅम्प शंभराचा असो की ऑक्टोबर 2024 पासून आलेला पाचशेचा, नोटरीने शिक्का मारला म्हणून घर तुमचं होत नाही. नोंदणी फी एक टक्का, साडेतीन लाखांवर साडेतीन हजार. मुद्रांक वेगळा. तो त्याच्या पंधरा हजारांपायी तुमचे साडेतीन लाख धोक्यात घालतो आहे.

दुसरं, चार भाऊ म्हणता, बहिणी किती? हे विचारल्यावर मधला माणूस हमखास म्हणतो, "त्या काय येतात भांडायले, त्याइले साडीचोळी करून टाकू." 2005 च्या दुरुस्तीपासून वडिलोपार्जित घरात मुलीचा हिस्सा मुलाइतकाच आहे. माझ्या टेबलासमोर एका बहिणीने भावांना उभं केलं होतं, विक्री होऊन चार वर्षं झाल्यावर, आणि घर घेणारा बिचारा तिथेच रुमालाने तोंड पुसत उभा होता. सगळ्या बहिणींच्या सह्या विक्रीपत्रावर घ्या, नाहीतर त्यांचं नोंदलेलं हक्कसोडपत्र आधी बघा.

तुमच्या गावात ड्रोनने मोजणी झाली आहे का? स्वामित्व योजनेत गावठाणातल्या घरांची मालमत्ता पत्रकं, ज्याला आपण आखीव पत्रिका म्हणतो, तयार होत आहेत. तयार असेल तर ती पाहा. त्यात चौघांपैकी एकाचंच नाव असेल तर बाकीचे कुठे गेले ते आधी विचारा.

प्रश्न : मी मूळचा सेलू तालुक्यातला, चाकणला कंपनीत आहे. गावाकडे समृद्धी महामार्गाजवळ दोन हजार फुटांचा प्लॉट घ्यायचा आहे. एजंट व्हॉट्सॲपवर नकाशे पाठवतो. म्हणतो, एन.ए. होऊन जाईल, रेरा वगैरे शहरातल्या फ्लॅटला लागतं, प्लॉटला नाही. आज पन्नास टक्के भरले तर कॉर्नर देतो म्हणतो. सुटी नाही, येऊन बघता येत नाही.

तुमचा एजंट प्लॉट विकणाऱ्याचा आहे, इथे शंकाच नाही. त्याचं कमिशन लेआउटवाला देतो, आणि तो ते कधी लपवतही नाही. फक्त तो तुमच्याशी तुमचा असल्यासारखा बोलतो, मित्रा म्हणतो, दिवाळीला शुभेच्छा पाठवतो.

रेरा, म्हणजे घरं-प्लॉटच्या प्रकल्पांवर लक्ष ठेवणारा कायदा, प्लॉटलाही लागतो. जमीन 500 चौरस मीटरपेक्षा जास्त असेल तर लेआउटची महारेराकडे, म्हणजे त्या कायद्याच्या राज्यातल्या प्राधिकरणाकडे, नोंदणी करूनच जाहिरात आणि विक्री करता येते. पाचशे मीटर म्हणजे साडेपाच हजार फुटांहून थोडं कमी. दोन-दोन हजार फुटांचे तीन प्लॉट पाडले की ओलांडलं. आणि एजंटाचीही स्वतःची नोंदणी लागते. 2023 पासून महारेराने एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षा लावली आहे. दोन्ही नंबर मागा आणि महारेराच्या संकेतस्थळावर स्वतः टाकून बघा. चाकणला बसूनही हे पाच मिनिटांचं काम आहे. नोंदणी नसलेला प्रकल्प विकायला मदत करणं एजंटाला रेरात मना आहे. प्रकल्पाची जी माहिती आणि कागद तुम्हाला मिळायला हवेत ते मिळवून देणं हे त्याचं कर्तव्य म्हणूनच लिहिलं आहे. मोडलं तर दिवसाला दहा हजारांपर्यंत दंड, तो वाढत प्लॉटच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत. एजंटाविरुद्ध थेट महारेराकडे तक्रार करता येते.

पन्नास टक्के तर सोडाच. करारनामा नोंदवल्याशिवाय दहा टक्क्यांहून जास्त घेताच येत नाहीत. त्याला हे वाक्य तसंच्या तसं व्हॉट्सॲपवर पाठवा आणि उत्तर जपून ठेवा. "एन.ए. होऊन जाईल" हेही त्याने लेखी पाठवलं असेल तर पुसू नका.

आता आपल्या भागाचं एक दुखणं, जे पुण्याचा वकील तुम्हाला विचारणार नाही. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांत महसुली कागदांत झुडपी जंगल म्हणून लिहिलेल्या जमिनी आहेत. जाऊन बघाल तर एक झाड नसेल, गुरं चरत असतील. पण 22 मे 2025 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्या जमिनी वन म्हणूनच धरल्या आहेत. म्हणून आजच्या सातबाऱ्यावर थांबू नका. विदर्भ मध्य प्रदेशात होता तेव्हाचा 1954-55 चा अधिकार अभिलेख तहसीलच्या अभिलेख कक्षातून काढवा, गट नंबरशी जुना सर्व्हे नंबर जुळवून. हे करून देणारा एखादा निवृत्त तलाठी गावात सापडेल, त्याला चहापाणी आणि दिवसाची मजुरी द्या. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग 2, म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन, असं दिसलं, किंवा मूळ मालक आदिवासी होता असं फेरफारात दिसलं, तर परवानगीचा आदेश हातात आल्याशिवाय पुढे जाऊ नका.

येऊन बघता येत नाही म्हणता. मग घेऊ नका, सुटी मिळेपर्यंत थांबा. आणि याल ते जुलैत या. माझ्या माहितीतला एक लेआउट उन्हाळ्यात सोन्यासारखा दिसायचा आणि पावसाळ्यात त्याच्या कॉर्नर प्लॉटवरून नाला वाहायचा.

प्रश्न : मी बारा वर्षांपासून घरं-प्लॉटची दलाली करतो. तुम्ही दलालांना सरसकट चोर करून टाकलं. एका गिऱ्हाइकाला मी वीस घरं दाखवली, उन्हातान्हात, माझ्या गाडीवर. ज्या घराची रजिस्ट्री झाली ते मीच दाखवलेलं. दोघांनी परस्पर सौदा केला आणि मले एक कप चहाही पाजला नाही. तुमच्या टेबलावर या दुखण्याची जागा आहे का?

आहे भाऊ, आणि तुमचं बरोबर आहे. मागच्या अंकातलं माझं वाक्य सैल होतं. मी आयुष्यात पाहिलेल्यांत असेही दलाल आहेत ज्यांनी स्वतःच्या तोंडाने सौदा मोडला. एकाने माझ्यासमोर गिऱ्हाइकाला सांगितलं, "दादा, या विहिरीत त्याइच्या सुनेनं जीव देला, तुमची बाई नवीन लग्नाची हाय, दुसरं घर पाहू." त्या दिवशी त्याचे चाळीस हजार गेले. त्याच माणसाकडे पुढे निम्मं गाव जायचं.

पण तुमचं दुखणं आणि वरच्या शिक्षिकेचं दुखणं एकाच ठिकाणचं आहे. तिच्याकडे कागद नाही म्हणून तुम्ही कोणाचे ते तिला कळत नाही. तुमच्याकडे कागद नाही म्हणून तुम्ही तिचे होता हे तुम्हाला दाखवता येत नाही. करार कायद्याचं कलम 219 सांगतं की वेगळं ठरलं नसेल तर काम पुरं झाल्याशिवाय एजंटाचा मोबदला देय होत नाही. परस्पर रजिस्ट्री झाली की समोरचा म्हणतो, काम तुझ्यामुळे पुरं झालंच नाही. पहिलं घर दाखवायला नेण्याआधी अर्ध्या पानाची चिठ्ठी करून घ्या. मी कोणाला लिहून द्यायचो ती अशी :

'मी, घर घेणारा, अमुक यांना घरं दाखवण्याचं आणि माझ्या वतीने भाव ठरवण्याचं काम देत आहे. मोबदला किमतीच्या अमुक टक्के, विक्रीपत्र नोंदवल्याच्या दिवशी चेकने. ज्या घराची तारीख आणि पत्ता यामागे लिहून मी सही केली आहे, ते मी सहा महिन्यांत परस्पर घेतलं तरी हा मोबदला लागू. मालकाकडून त्यांना काही मिळणार असेल तर ती रक्कम : रुपये ____. मालकाने मागितलेल्या किमतीवर त्यांचा वेगळा फायदा नाही. माझी जास्तीत जास्त रक्कम ते मालकाला सांगणार नाहीत. घराबद्दल त्यांना माहीत असलेली कोणतीही अडचण ते मला बयाण्याआधी सांगतील.'

खाली दोघांच्या सह्या. मागच्या बाजूला रकाने आखा : तारीख, घर, गिऱ्हाइकाची सही. वीस घरं दाखवली तर वीस सह्या. पेट्रोल हवं असेल तर तेही वेगळ्या ओळीत लिहा, फेरीला इतके. गिऱ्हाइक कुरकुरलं तर ते पहिल्याच दिवशी कळेल, विसाव्या घरानंतर नाही.

'रुपये' च्या पुढची ती मोकळी जागा मात्र भरून आणा. माझ्याकडे ही चिठ्ठी लिहून घ्यायला आलेल्यांपैकी बरेच जण तिथे येऊन थांबायचे, पेन खाली ठेवायचे आणि म्हणायचे, "काका, येवढी एक ओळ काढून टाका ना."